सुटकेनंतरचा पंधरवडा

तुरुंगाचे दार उघडले की माणसाची विपत्ती संपली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नाटकांतून व चित्रपटांतून आपण तेच पाहिलेले असते. कैदी बाहेर येतो, आकाशाकडे पाहतो, आणि पडदा पडतो. परंतु ज्याला अफूच्या जातीच्या पदार्थांचे, म्हणजे गर्दचे किंवा गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन होते, त्याच्या जिवाला खरा धोका त्या दारापाशीच सुरू होतो. हा धोका कशामुळे उत्पन्न होतो, तो टाळण्याचे कोणते उपाय अनुभवास उतरले आहेत, आणि त्या उपायांसाठी पैसा कोठून येतो किंवा का येत नाही, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. स्मरणिकेच्या वाचकांना हा विषय थोडा आडवळणाचा वाटेल. तथापि यात औषधाचा प्रश्न बराचसा सुटलेला असून द्रव्याचा प्रश्न शिल्लक आहे, आणि द्रव्य कोठे घालावे याचा विचार करणे हे तर विश्वस्तनिधीच्या सभासदांचे नित्याचेच काम आहे.

प्रथम शरीराची गोष्ट सांगितली पाहिजे. अफूवर्गीय पदार्थ रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्याची हळूहळू सवय होते. आज जेवढ्याने गुंगी येते तेवढ्याने महिन्यानंतर येत नाही, म्हणून मात्रा वाढत जाते. नवख्याचा जीव घेईल एवढी मात्रा तो सहज पचवू लागतो. तुरुंगात हा पुरवठा तुटतो, निदान फार आटतो. काही आठवड्यांतच शरीर ती कमावलेली सवय गमावून बसते. मनाची ओढ मात्र तशीच राहते. सुटल्यावर हा माणूस जुन्या सोबत्यांत जातो आणि हात जुन्याच मापाने चालतो. मेंदूतील श्वास चालविणारे केंद्र त्या मात्रेने मंदावते, श्वास उथळ होत जातो, ओठ निळसर पडतात आणि घशातून घरघर ऐकू येते. जवळच्यांना वाटते, बिचारा कित्येक दिवसांनी गाढ झोपला आहे, घोरतो आहे, झोपू द्या. सकाळी हाक मारायला जावे तो सारे संपलेले असते.

ही कल्पनेची भरारी नव्हे, हे दाखविणारी मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ लोकांचा मागोवा काही संशोधकांनी घेतला व २००७ साली तो प्रसिद्ध केला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या मानाने सुमारे १२.७ पट आढळला; आणि केवळ मादक द्रव्याच्या अतिमात्रेने येणाऱ्या मृत्यूचा धोका तब्बल १२९ पट! वय, स्त्री-पुरुष हा भेद व वंश हे सारे हिशेबात धरूनच हे आकडे काढले होते. म्हणून या लेखाच्या मथळ्यात आम्ही पंधरवडा हा शब्द घातला आहे. मदत वर्षभराने पोचली तर ती चांगलीच. पण ज्याला पोचायची, तो तोवर असला पाहिजे.

आता उपाय पाहू. नॅलोक्सोन नावाचे एक औषध १९६१ साली तयार झाले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मेंदूतील ज्या जागांवर अफूचे अंश जाऊन बसतात, तेथून ते त्यांना हुसकावून लावते व थांबू पाहणारा श्वास पुन्हा सुरू होतो. त्याने नशा चढत नाही, आणि ज्याने अफूवर्गीय काही घेतलेले नाही त्याच्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणामही होत नाही. त्याचा अंमल मात्र अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंतच टिकतो, म्हणून ते दिल्यावरही रुग्णास दवाखान्यात न्यावेच लागते. अतिमात्रेच्या प्रसंगी हजर असण्याचा संभव असलेल्या सामान्य माणसांच्या हातीही हे औषध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली केली. स्कॉटलंडने त्यापूर्वीच, २०११ साली, राष्ट्रीय योजना आखून तुरुंगातून सुटणाऱ्यांच्या हाती या औषधाची पेटी देण्यास आरंभ केला होता. त्या देशात अफूवर्गीय द्रव्यांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी ९.८ टक्के मृत्यू पूर्वी सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत होत असत. योजनेच्या पहिल्या तीन वर्षांत हे प्रमाण ६.३ टक्क्यांवर आले. इंग्लंडमध्ये अशाच एका प्रयोगात निराळीच गोष्ट उघडकीस आली. सुटलेल्या माणसाला दिलेली पेटी वापरली जाई, तेव्हा साधारणपणे तीनांपैकी एकदाच ती त्याच्या स्वतःवर वापरलेली असे. इतर वेळी त्याने तिने दुसऱ्याच कोणाचा तरी जीव वाचविलेला असे. प्रयोगाच्या आखणीला हे अडचणीचे ठरले व तो पुढे थांबविण्यात आला. पण ज्यांना आपण समाजाचे ओझे म्हणतो त्यांच्या हाती साधन दिले की ते काय करतात, हे त्यातून दिसले, असे आम्हांस वाटते.

दुसरा उपाय अधिक मुळाशी जाणारा आहे. ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली रोज दिली, म्हणजे शरीराची तडफड थांबते, गर्दची ओढ उतरते, सुईची गरज राहत नाही आणि माणूस कामाला जाऊ शकतो. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य. तेथे २०१६ मध्ये सर्व बंद्यांना तुरुंगातच हे उपचार देण्यास सुरुवात झाली, आणि सुटताच त्याच उपचाराचे बाहेरचे केंद्र त्यांची वाट पाहत असेल, अशी व्यवस्था करण्यात आली. राज्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी सुमारे २० लाख डॉलर घातले होते. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत नुकत्याच सुटलेल्यांपैकी २६ जण अतिमात्रेने दगावले होते. २०१७ च्या त्याच सहा महिन्यांत ९.

या साऱ्या खटाटोपाला हानी-न्यूनीकरण असे नाव आहे. शब्द जड आहे. अर्थ असा, की व्यसन सुटेल तेव्हा सुटो, तोपर्यंत त्यापायी होणारा अपाय तरी कमी करावा. स्वच्छ सुई, औषधाची पेटी, जखमेची मलमपट्टी, कावीळ व एच.आय.व्ही. यांची तपासणी, आणि बोलायला एक माणूस, इतके सारे त्यात येते. ही विचारसरणी पंडितांच्या खलित्यातून निघालेली नाही. १९८० नंतरच्या दशकात सुईवाटे रोग पसरू लागला तेव्हा ती गरजेपोटी जन्मली. आपल्या देशात मणिपूरला १९९० च्या सुमारास ती आच लागली. स्वित्झर्लंडमध्ये तर हिंडेलबांक नावाच्या स्त्रियांच्या तुरुंगात १९९४ पासून स्वच्छ सुया देण्याची सोय झाली. आमच्या हिंडलग्याशी या नावाचे साम्य पाहून आम्हांला प्रथम हसू आले आणि मग विचार आला.

इतके सगळे सिद्ध झाले असताना अडते कोठे? अडते ते खर्चाच्या वहीत. तुरुंगखात्याची जबाबदारी दारापर्यंत. आरोग्यखात्याची, रुग्ण दवाखान्याच्या पायरीवर आला म्हणजे. या दोहोंमधला जो रस्ता, तो कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही हेच झाले. तेथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्यविमा योजना १९६५ साली आली. पण तुरुंगात असेपर्यंत माणसाच्या उपचाराचा खर्च तिच्यातून करता येणार नाही, असा निर्बंध त्याच कायद्यात घातला गेला. परिणाम असा, की आत गेलेल्याचा विमा तुटे आणि बाहेर आल्यावर पुन्हा अर्ज करून तो जोडून घेईपर्यंत नेमका तो घातकी पंधरवडा उलटून जाई. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ च्या जानेवारीत या निर्बंधातून पहिली सूट मिळविली. तेथे सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांत ठरावीक उपचारांचा खर्च या योजनेतून करण्याची मुभा मिळाली. एका ओळीचा निर्बंध सैल व्हायला अठ्ठावन्न वर्षे लागली.

पैशाचा दुसरा झरा तेथे न्यायालयाच्या मार्गाने फुटला. वेदनाशामक गोळ्यांचा पूर लोटल्याबद्दल राज्यांनी व गावांनी कंपन्यांवर दावे लावले. त्यांतील एका मोठ्या तडजोडीत तीन घाऊक वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून सुमारे २,६०० कोटी डॉलर बऱ्याच वर्षांच्या हप्त्यांनी देण्याचे २०२२ साली कायम झाले. त्यातून करता येण्याजोग्या खर्चांच्या यादीत तुरुंगातून सुटणाऱ्यांच्या उपचाराचाही समावेश आहे. तरीही काही ठिकाणी या रकमेतून पोलिसांची वाहने खरेदी झाली. पैसा आला म्हणजे तो आपोआप योग्य जागी जातो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गरीब देशांची स्थिती तर निराळीच. लंडनच्या हार्म रिडक्शन इंटरनॅशनल या संस्थेने काढलेल्या हिशेबाप्रमाणे, कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशा कामास वर्षाला सुमारे २७० कोटी डॉलर लागतील. २०२२ साली मिळाले ते सुमारे १५ कोटी, म्हणजे शेकडा ६.

आता आपल्या दाराशी येऊ. केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी आणि त्यापायी ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ७७ लाख लोक आढळले. देशातील तुरुंगांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ५,७३,२२० माणसे होती व त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, न्यायाधीन बंदी होते. या दुसऱ्या आकड्याचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. शिक्षा झालेल्याची सुटकेची तारीख आधीच ठाऊक असते, त्यामुळे तयारी करता येते. न्यायाधीन बंद्याला जामीन केव्हा मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही. सकाळी न्यायालयात हुकूम होतो, कागद फिरत फिरत संध्याकाळी पोचतो, आणि दिवेलागणीनंतर माणूस रस्त्यावर येतो. ऱ्होड आयलंडची घडी जशीच्या तशी येथे बसणार नाही, ती याचमुळे. आपल्याकडे सुटकेची तयारी आत गेल्याच्या पहिल्या आठवड्यापासून करावी लागेल, आणि बाहेरची मदत कोणत्याही दिवशी, कोणत्याही संध्याकाळी हजर असावी लागेल.

आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा दूरच्या एका जिल्ह्यात असाच अडकला होता. गणितात बरा होता, अक्षर सुरेख होते. रमजानचे दिवस होते. त्याची आई जामिनाचा कागद वाचून घ्यायला आमच्याकडे आली. “सर, पोरगं घरी येतंय, आता सगळं सुरळीत होईल,” असे ती म्हणाली. हुकूम पोचायला रात्र झाली. घरच्यांना निरोप मिळाला तो दुसऱ्या दिवशी. त्या रात्री तो कोठे होता हे त्याने सांगितले नाही व कोणी खोदून विचारलेही नाही. बाराव्या दिवशी तो झोपेतून उठला नाही. त्याच्या खिशात तेव्हा कोणत्याही दवाखान्याचा पत्ता नव्हता, आणि त्याला आणायला जो माणूस त्या दारापाशी उभा राहावयास हवा होता, त्याचा पगार कोठल्याही खात्याच्या वहीत लिहिलेला नव्हता.

सरकार काहीच करत नाही असे मात्र नव्हे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतून ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी विनामूल्य मिळते. दिल्लीच्या तिहार कारागृहात हा उपचार २००८ साली सुरू झाला. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राने २०२३ मध्ये एक योजना आणली. तीत न्यायाधीन बंद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत व दंड न भरल्याने अडकलेल्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत तरतूद होती. परंतु मादक द्रव्यांच्या कायद्याखालील आरोपींना तीतून वगळले होते. ज्यांच्याविषयी आपण येथे बोलत आहोत, नेमके तेच त्यांत येतात. परदेशी देणग्यांचा मार्गही अरुंद झाला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला आपल्याकडे आलेली परदेशी रक्कम लहान संस्थेस वाटून देता येत नाही. तेव्हा गावातल्या कामास गावातलाच पैसा लागणार.

यावर दोन शंका हटकून निघतात. पहिली कायद्याची: असल्या कामास पैसे दिल्यास आपणच अडचणीत येऊ काय? एच.आय.व्ही. व एड्ससंबंधीचा २०१७ चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. रोगाचा प्रसार रोखण्यासाठी योजलेले धोका कमी करण्याचे उपाय, स्वच्छ सुया व पर्यायी औषधे धरून, त्याच्या २२ व्या कलमाने गुन्हा ठरत नाहीत. मादक द्रव्यांच्या कायद्यातही, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील जो व्यसनी स्वेच्छेने मान्य केंद्रात उपचार घेईल, त्यास ६४-अ कलमाने खटल्यातून संरक्षण दिलेले आहे.

दुसरी शंका अधिक मनापासूनची असते. ‘आधी व्यसन सोडू दे, मग मदत करू.’ ही अट वाजवी दिसते, पण तिचा हिशेब करून पाहावा. व्यसन सुटायला महिने, कित्येकदा वर्षे लागतात. मृत्यूचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत मोठा असतो. म्हणजे अट पुरी होईपर्यंत मदत थांबवायची, तर ज्याला तिची सर्वांत अधिक गरज त्यालाच ती मिळणार नाही. व्यसनमुक्तीच्या संस्थांना आम्ही कमी लेखत नाही. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकविलेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या देणगीचा आधार मिळाल्यानेच १९८६ साली पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांचे मुक्तांगण उभे राहिले, व तेथून कितीतरी माणसे घरी परतली. परंतु अशा संस्थेच्या पायरीपर्यंत माणूस जिवंत पोचावा लागतो.

मग लहानशा निधीने काय करावे? इमारत बांधू नये, हे आम्ही प्रथम सांगू. आपल्याकडे देणगी म्हटली की खोली, खोली म्हटली की संगमरवरी पाटी. या कामात पाटी लावण्याजोगे काहीच नसते, आणि हेच त्याच्या दुष्काळाचे एक कारण असावे. येथे मुख्य खर्च एका माणसाचा आहे. त्याने तुरुंगाच्या परवानगीने आत जाऊन यादी करावी, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा, वकिलाशी संधान ठेवावे, आणि हुकूम निघाला की संध्याकाळी दारापाशी उभे राहावे. जो स्वतः त्या वाटेने जाऊन परत आला आहे, असा माणूस यासाठी सर्वांत चांगला, असा जगभरचा अनुभव आहे; आपल्या मंडळींना ते पचायला थोडे जड जाईल, इतकेच. त्याला मानधन नव्हे, रीतसर पगार द्यावा.

दुसरा खर्च पहिल्या रात्रीच्या निवाऱ्याचा व जेवणाचा. तिसरा प्रवासाचा, आणि तो ऐकायला किरकोळ वाटला तरी निर्णायक आहे. ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी सुरुवातीला सहसा घरी बांधून मिळत नाही. सामान्यतः ती रोज केंद्रावर जाऊन, तेथल्या माणसासमोर जिभेखाली ठेवावी लागते. जाण्यायेण्याचे ६० रुपये धरले तर पंधरा दिवसांचे ९०० होतात. गोळी फुकट आणि वाट महाग, अशी ही अवस्था. हातात रोजगार नसलेला माणूस चौथ्या दिवशी जाणे सोडतो. हा पैसा रोख देण्याऐवजी बसचा पास काढून द्यावा, म्हणजे शंकेखोरांचेही समाधान होईल. क्षयाची किंवा एच.आय.व्ही.ची औषधे आत चालू असतील तर त्यांचे कागद बाहेरच्या दवाखान्यात पोचविणे, हरवलेले ओळखपत्र पुन्हा काढणे, ही कामेही त्याच माणसाने करावी. नॅलोक्सोनचे इंजेक्शन आपल्याकडे डॉक्टरांच्या हातचे आहे; तेव्हा घरच्यांना निदान एवढे शिकवावे, की घरघर म्हणजे झोप नव्हे. माणसाला हलवून पाहावे, जागा होत नसेल तर १०८ ला कळवावे, रुग्णवाहिका येईपर्यंत श्वास चालतो का याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, आणि श्वास थांबू लागल्यास तोंडाने द्यावा. याला तासाभराचा वर्ग पुरतो व खडूखेरीज खर्च नाही. व्यसनासंबंधी सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी विनाशुल्क क्रमांक आहे, तोही फळ्यावर लिहून द्यावा.

शिष्यवृत्त्यांना कात्री लावून हे करा, असे एका शिक्षकाच्या तोंडून कोणी अपेक्षू नये. शिष्यवृत्तीला देणगीदार मिळतात, कारण मुलाचे नाव, गुण व छायाचित्र छापता येते. येथे तेच करता कामा नये. स्मरणिकेत वा अहवालात या लोकांची नावे, गावे, छायाचित्रे मुळीच येऊ नयेत; त्यांच्या घरी बहिणींची लग्ने व्हायची असतात, कोणाला दुकानात नोकरी लागायची असते. हिशेबात प्रत्येकाला एक अनुक्रमांक द्यावा, पावत्या त्या क्रमांकाने लावाव्या, आणि क्रमांक व नाव जुळविणारी वही कार्यवाहांच्या कपाटात कुलपात ठेवावी. लेखापरीक्षकाने ती एकदा पाहून सही करावी. सभासदांना अहवालात किती माणसांना दारापाशी गाठले, त्यांपैकी किती पंधराव्या दिवशी केंद्रावर जात होती, आणि एकंदर किती रुपये लागले, हे तीन आकडे दर वर्षी कळविले म्हणजे पुरे.